ताओ ते चिंगची इंग्रजी भाषांतरे

ताओ ते चिंग हा ताओ मताचा मूळ ग्रंथ. प्राचीन चिनी भाषेतील या ग्रंथाचा विस्तार जेमतेम पाच हजार अक्षरांचा असून त्याची 81 छोटी प्रकरणे आहेत. एवढ्याशा ग्रंथाची इंग्रजीत शंभराहून अधिक भाषांतरे झाली. परंपरेने त्याचे कर्तृत्व लाओत्सेकडे जाते. देश सोडून पश्चिमेकडे निघालेल्या लाओत्सेने खिंडीवरच्या नाकेदाराच्या आग्रहाखातर तो लिहून दिला, अशी कथा आहे. तो एकाच हातचा नसून इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकांत हळूहळू आकाराला आला, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

पहिले इंग्रजी भाषांतर जॉन चाल्मर्स या मिशनऱ्याने 1868 मध्ये केले. ‘ताओ’ला नेमका प्रतिशब्द सापडत नाही म्हणून त्याने तो शब्द तसाच ठेवला. त्यानंतर जेम्स लेगचे भाषांतर 1891 मध्ये मॅक्स म्युलर संपादित ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ या मालेच्या 39व्या खंडात आले. लेग हा हाँगकाँगमध्ये मिशनरी होता आणि पुढे ऑक्सफर्डचा चिनी भाषेचा पहिला प्राध्यापक झाला. त्याची चिनीची जाण पक्की होती. मात्र मुळात यमके दिसली की तो इंग्रजीतही यमके जुळवू लागतो आणि तिथे अर्थाची ओढाताण होते.

भाषांतरांमधला फरक पाहायला पहिली ओळ पुरते. ‘ताओ खो ताओ, फेइ छांग ताओ’ या सहा अक्षरांत ताओ तीनदा येतो. नाम म्हणून त्याचा अर्थ वाट, क्रियापद म्हणून सांगणे. मधला ताओ क्रियापद आहे. मराठीत ढोबळपणे म्हणता येईल : सांगता येते ती वाट कायमची वाट नव्हे. लेगने मधल्या ताओत बोलण्याऐवजी चालणे पाहिले. त्याच्या ओळीत पाऊल टाकता येते असा ताओ टिकाऊ ठरत नाही. शिकागोच्या पॉल केरसने 1898 मध्ये ताओला ‘रीझन’ म्हटले. मग जिच्याविषयी तर्क चालतो ती बुद्धी सनातन बुद्धी नव्हे, असा अर्थ झाला. आर्थर वेलीने 1934 मध्ये ‘वे’ म्हणजे वाट हा शब्द घेतला आणि डी. सी. लाउने 1963च्या पेंग्विन आवृत्तीत तोच ठेवला. रॉजर एम्स आणि डेव्हिड हॉल यांनी 2003 मध्ये ताओला वाट न म्हणता ‘वाट घडवणे’ म्हटले, म्हणजे नामाची क्रिया केली.

‘छांग’ (वरच्या ओळीतला ‘कायमची’) या एका अक्षरानेही बरेच काही बदलते. स्टीफन मिचेल तिथे ‘इटर्नल’ म्हणतो, लाउ ‘कॉन्स्टंट’. पहिल्या शब्दाने काळापलीकडच्या, ईश्वरासारख्या तत्त्वाची सावली पडते, दुसऱ्याने नेहमीच्या, न ढळणाऱ्या गोष्टीची. ग्रंथाचा एकंदर सूर पाहता लाउचा शब्द अधिक जवळचा आहे.

मूळ संहिता कोणती धरायची, हा प्रश्न विसाव्या शतकात नव्याने उभा राहिला. तोवरची भाषांतरे मुख्यतः तिसऱ्या शतकातील वांग बी या अल्पायुषी टीकाकाराच्या पाठावर आधारलेली होती. 1973 मध्ये हूनान प्रांतात मावांगद्वेइ येथे इ.स.पू. 168 मधील एका थडग्यात रेशमावर लिहिलेल्या दोन प्रती सापडल्या. त्यांत ‘ते’चा (म्हणजे सद्गुण किंवा शक्तीचा) भाग आधी आणि ‘ताओ’चा नंतर आहे. म्हणून रॉबर्ट हेन्रिक्सने 1989 च्या भाषांतराचे शीर्षकच उलटे करून ‘ते-ताओ चिंग’ ठेवले. या प्रतींत ‘छांग’च्या जागी त्याच अर्थाचे ‘हंग’ आहे. हे अक्षर हान सम्राट वेनच्या नावात होते आणि राजाचे नाव लिहिणे निषिद्ध असल्यामुळे पुढे ते बदलले गेले. पहिल्याच प्रकरणात एक वाक्य कुठे तोडायचे याचा जुना वाद होता : ‘इच्छा नसणे’ असे एकत्र वाचायचे की ‘नसणे’ वेगळे काढायचे? जुन्या चिनीत विरामचिन्हे नसल्याने दोन्ही वाचने शक्य होती. मावांगद्वेइच्या प्रतींत ‘इच्छा’नंतर एक अव्यय आहे, त्यामुळे पहिल्या वाचनाला बळ मिळाले.

1993 मध्ये हूबेइ प्रांतात ग्वोद्यान येथे इ.स.पू. 300 च्या सुमाराच्या बांबूच्या पट्ट्या मिळाल्या. त्यांत ग्रंथाचा सुमारे दोन-पंचमांश भागच आहे. प्रचलित पाठाच्या 19व्या प्रकरणात करुणा आणि न्यायबुद्धी टाकून द्या, असे कन्फ्यूशियसच्या मतावर उघड शरसंधान आहे. पट्ट्यांत त्या जागी ते शब्द नाहीत. दोन्ही मतांमधले हाडवैर निदान इतके जुने नसावे, असे यावरून वाटते.

चिनी न जाणणाऱ्यांनी केलेली पुस्तके हा या इतिहासाचा मोठा आणि लोकप्रिय भाग आहे. विटर बिनर (1944), मिचेल (1988) आणि अर्सुला ले ग्विन (1997) ही त्यांतली ठळक नावे. केरसच्या पुस्तकात चिनी अक्षरांखाली शब्दशः अर्थ दिलेला आहे आणि पुढच्या दोघांनी त्याचा आधार घेतला. ले ग्विनने आपले पुस्तक भाषांतर नाही, असे स्पष्ट सांगितले. हा प्रामाणिकपणा फार मोलाचा आहे. मिचेलची भाषा वाहती आहे, ज्ञानी पुरुषासाठी तो आळीपाळीने ‘तो’ आणि ‘ती’ वापरतो आणि मुळात लिंगभेद नसल्याने ते योग्यच आहे. पण पाचव्या प्रकरणातली ‘गवताची कुत्री’ त्याने काढून टाकली. यज्ञापुरती सजवायची आणि नंतर तुडवायची ही कुत्री. आकाश आणि पृथ्वी सर्व वस्तूंना तसे वागवतात, असे मूळ वाक्य आहे. ते कठोर आहे आणि त्या कठोरपणासह वाचायला हवे. मिचेलच्या पुस्तकात त्याऐवजी ताओ कुणाची बाजू घेत नाही, एवढेच उरते.

हजार मैलांचा प्रवास पहिल्या पावलाने सुरू होतो, हे 64व्या प्रकरणातले वाक्य जगभर फिरले. मुळात मैल नाहीत, ‘ली’ आहेत (एक ली साधारण अर्धा किलोमीटर किंवा त्याहून कमी), आणि पहिले पाऊलही नाही. प्रवास पायाखालून सुरू होतो, असे ते वाक्य म्हणते. मावांगद्वेइच्या प्रतींत तर प्रवासाऐवजी उंची आहे.

ग्रंथनामाच्या रोमन लेखनातही दोन पद्धती आहेत, एकीत ‘टी’ तर दुसरीत ‘डी’. मूळ उच्चार अघोष आणि अल्पप्राण असल्याने त आणि थ वेगळे ठेवणाऱ्या देवनागरीला ‘ताओ’ लिहिताना ही अडचण येत नाही.

ताओचा प्रतिशब्द कोणता, हा वाद इंग्रजीच्या बाराशे वर्षे आधी संस्कृतात झाला होता. कामरूपच्या (आजच्या आसामच्या) राजासाठी हा ग्रंथ संस्कृतात करण्याची आज्ञा 647 मध्ये तांग सम्राटाने ह्युएनत्संगला दिली. त्याआधी काही वर्षे महाराष्ट्रात येऊन गेलेला आणि इथल्या लोकांविषयी लिहिणारा तो हाच प्रवासी. कामात साथ देणाऱ्या ताओ पंडितांना ‘बोधी’ हा शब्द हवा होता. बोधी म्हणजे जागृती आणि ताओ म्हणजे वाट, असे सांगून ह्युएनत्संग ‘मार्ग’ या शब्दावर ठाम राहिला. ते संस्कृत भाषांतर आज उपलब्ध नाही.