डिझेल इंजिनाची जुनी गाडी: सातारा-सांगलीत किंमत आणि खर्चाचा मेळ का बसत नाही

जुनी फियाट किंवा जीप पुन्हा उभी करायला जेवढे पैसे जातात, तेवढे ती विकून येत नाहीत. सातारा-सांगलीत ज्याने एकदा गाडी उघडून पाहिली आहे, त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. तरीही गेल्या वर्ष-दीड वर्षात अशा गाड्या नीट करून घेण्याची विचारणा वाढली आहे. १९७५-७६ सालच्या गाड्या आता पन्नाशीत आल्या, म्हणजे फियाटच्या पद्मिनी मॉडेलच्या पहिल्या पहिल्या गाड्याही सरकारी व्याख्येनुसार व्हिंटेजच्या उंबरठ्यावर आल्या. वाड्याच्या पडवीत, गोठ्याच्या शेजारी, बंद पडलेल्या गुऱ्हाळात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाड्यांना अचानक भाव येईल असं लोकांना वाटू लागलं आहे. तो येईल की नाही, हे बहुतेक वेळा १९७३ ते १९९०च्या दरम्यान त्या गाडीचं काय झालं यावर ठरतं.

संस्थानी मोटारींबद्दल भरपूर लिहून झालं आहे. औंध, फलटण, सांगली, मिरज, जत इथल्या राजघराण्यांकडे मोटारी होत्या. ८ मार्च १९४८ला दक्षिणेतली ही संस्थानं विलीन झाली आणि पुढे १९७१मध्ये तनखेही गेले. देशभर जे झालं तेच इथे झालं. सांभाळायला परवडेनात म्हणून गाड्या विकल्या गेल्या, मुंबईच्या दलालांकडे गेल्या, काही परदेशी गेल्या. १९५०पूर्वीच्या मोटारी देशाबाहेर न्यायला निर्बंध आले ते यामुळेच. त्या गाड्यांचा हिशोब निराळा. लाकडी सांगाड्यावर हाताने ठोकलेली बॉडी, मोजक्याच प्रतींचं मॉडेल, कागदावर संस्थानिकाचं नाव असेल, तर खर्चाच्या वर किंमत जाऊ शकते. २०२२मध्ये १९५५ची एक मर्सिडीज १३.५ कोटी युरोला गेली, त्या बातमीने पुष्कळांची स्वप्नं वाढवली. पण तशा गाड्या जगात फक्त दोनच बनल्या होत्या. आपल्या जिल्ह्यांत आज ज्या शिल्लक आहेत, त्या हजारोंनी बनलेल्या गाड्या आहेत.

त्यातली पहिली लाट डिस्पोजलच्या जीपची. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराचा जादा माल लिलावात निघाला आणि विलीज एमबी, फोर्ड जीपीडब्ल्यू अशा जीप बागायतदार आणि ठेकेदारांच्या हाती आल्या. दोन्ही जीप बाहेरून सारख्याच. ओळखायच्या असतील तर खाली वाकून पाहावं लागतं: रेडिएटरच्या खालची आडवी पट्टी विलीजमध्ये गोल नळीची असते, फोर्डमध्ये उलट्या पन्हाळीसारखी, आणि फोर्डच्या कित्येक बोल्टांच्या डोक्यावर इंग्रजी एफ कोरलेला असतो. तो एफ असलेले मूळ बोल्ट शाबूत असले तर आज त्यालाही पैसे मोजणारे आहेत. पन्नास वर्षं इथल्या फिटरने ते गंजले की काढून फेकले आणि बाजारातले नवे घातले. गाडी शेतावर गेली पाहिजे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती.

१९५३-५४च्या सुमारास परदेशी जुळणी कंपन्यांनी भारतातला गाशा गुंडाळला. जे इथे गाडी बनवणार नाहीत त्यांना जागा नाही, असं सरकारी धोरण ठरलं होतं. मग राहिल्या कुर्ल्याच्या फियाट, कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या अँबॅसडर आणि मद्रासच्या स्टँडर्ड. सांगलीच्या मार्केट यार्डातला हळद-गुळाचा व्यापारी फियाट घ्यायचा, साखर कारखान्याच्या चेअरमनला पांढरी अँबॅसडर लागायची, कराडचा डॉक्टर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायचा. दशकानुदशकं तेच इंजिन, तोच पत्रा, बदल फक्त जाळीत आणि दिव्यांत. अशी गाडी दुर्मीळ होत नाही आणि दुर्मीळ नसलेल्या गाडीचा भाव एका मर्यादेपलीकडे चढत नाही. ही मर्यादा तेव्हाच आखली गेली होती.

मग १९७३चं तेलसंकट आलं. पेट्रोल झपाट्याने महागलं, डिझेल स्वस्त राहिलं. जीपचं २.२ लिटरचं पेट्रोल हरिकेन इंजिन किंवा अँबॅसडरचं दीड लिटरचं इंजिन पोसणं वडापवाल्याला, म्हणजे खाजगी प्रवासी वाहतूक करणाऱ्याला, अशक्य झालं. एसटी जिथे दिवसातून दोनदा जायची, तिथे वडापची जीप दहादा जायची. पाटण, शिराळा, जत, आटपाडी या भागांतली दळणवळणाची गरज या जीपनी भागवली आणि ती डिझेलवरच भागली. पर्किन्स कंपनीचं इंजिन आलं, मॅटाडोरचं आलं, नंतर महिंद्राची स्वतःची डिझेल इंजिनं आली. अँबॅसडर कारखान्यातूनच डिझेलमध्ये मिळायला लागली ती १९८०च्या आसपास. त्याच्या आधीच्या गाड्या गॅरेजात बदलल्या गेल्या.

हे काम इथे परकं नव्हतं. सातारा शहरात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ऑइल इंजिनं बनत होती, किर्लोस्करवाडीला पंप आणि यंत्रं. विहिरीवरचं इंजिन उघडून बसवणारे हात गावोगाव होते. त्याच हातांनी जीपच्या चासीवरचे पेट्रोल इंजिनाचे माउंटिंग गॅसने कापले आणि नवे ब्रॅकेट वेल्ड केले. डिझेल इंजिन लांबीला बसेना म्हणून फायरवॉलचा, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीचा, पत्रा ठोकून आत ढकलला, गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी मागे सरकवली, वजन पेलावं म्हणून पुढच्या पाट्यांत एक-दोन पान वाढवलं. आजही अशी चासी खालून पाहिली की वेल्डिंगची जाड, ओबडधोबड रेघ दिसते आणि तिच्या शेजारी जुन्या कापाची धार. काढलेलं पेट्रोल इंजिन वर्षभर गॅरेजच्या कोपऱ्यात पडायचं आणि मग किलोवर भंगारात जायचं.

आज किंमत आणि खर्च यांच्यातली दरी दिसते, ती मुख्यतः त्या भंगाराच्या काट्यावर पडलेली आहे. बाजार पहिल्यांदा विचारतो ते नंबर: इंजिनावरचा आणि चासीवरचा नंबर आरसी बुकातल्या नंबरांशी जुळतो का? जुळला तर भाव, नाही तर घासाघीस. पुण्या-मुंबईचा संग्राहक सांगली-साताऱ्याच्या गाडीकडे आधीच संशयाने पाहतो, कारण इथली गाडी म्हणजे इंजिन बदललेली असणार, असं तो धरून चालतो.

या गुंत्यावर २०२१च्या नियमाने शिक्का मारला. त्या वर्षी जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात ठेवलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल न झालेली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षं, क्रमांकात व्हीए ही अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, ही त्यातली खरोखर चांगली तरतूद. बदल्यात गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यापुरतीच.

आता १९७२ची जीप घ्या. १९७८मध्ये तिला डिझेल इंजिन बसलं, आरटीओने तपासून परवानगी दिली, आरसीवर इंधनाच्या रकान्यात बदल चढवला. गाडी पन्नाशीपुढची आहे, बदल कायदेशीर आहे आणि तो बदलसुद्धा आता पन्नाशीला टेकत आला आहे. ती मूळ रूपात आहे का? नियमाचा मजकूर शब्दशः वाचला तर नाही. मालक म्हणतो, बरं, पेट्रोल इंजिन परत बसवतो. पण २०००च्या कायदादुरुस्तीपासून निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मनाई आहे आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई आणखी घट्ट केली. मूळ तपशिलाकडे परत जाणं त्या मनाईत बसत नाही असा युक्तिवाद करता येतो, आणि माझ्या मते तो बरोबर आहे. तरी आरसीवर डिझेल आहे, नव्याने आणलेल्या पेट्रोल इंजिनाचा नंबर तिसऱ्याच गाडीचा आहे आणि चासीला एकदा काप बसलेला आहे. म्हणजे लाखभर रुपये घालून गाडी ‘मूळ’ केली, तरी कागदावर ती मूळ होत नाही. खर्च वाढला, किंमत तिथेच.

इथे मला नियमाची बाजू घेता येत नाही. मोठ्या शहरातल्या झाकलेल्या गॅरेजात जपलेली गाडी डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिलेला आहे. ज्या भागात गाडीने चाळीस वर्षं ऊस, कांदा, बाळंतिणी आणि वऱ्हाड वाहिलं, तिथला यांत्रिक इतिहास म्हणजेच ते डिझेल इंजिन. अमुक वर्षापूर्वी रीतसर मंजुरी घेऊन झालेला इंजिनबदल हा त्या गाडीच्या कुळकथेचा भाग मानावा, एवढी एक ओळ नियमात आली तर या दोन जिल्ह्यांतल्या पुष्कळ गाड्या भंगारातून वाचतील. याला विरोध करणारेही प्रामाणिक आहेत. अशी सूट दिली तर काल-परवा बदललेली गाडीही जुन्या तारखेने खपवली जाईल, ही त्यांची भीती. पण आरटीओच्या जुन्या नोंदी त्यासाठीच आहेत.

व्हिंटेजमध्ये न बसणाऱ्या गाडीला उरतो तो नेहमीचा रस्ता, दर पाच वर्षांनी पासिंग. तोही महागला. एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली, २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या कारला ती १०,००० झाली. पर्यावरण कर त्याच्यावर.

खर्चाचं म्हणाल तर इंजिन हे त्यातलं सर्वांत मोठं कलम नव्हेच. फियाटचं १०८९ सीसीचं इंजिन बोअर करून, नवे पिस्टन-रिंग घालून, क्रँक ग्राइंड करून कोल्हापूरच्या उद्यमनगरात आजही ठाकठीक होतं. पैसा खातो पत्रा. दाराचा खालचा भाग, फ्लोअर, मडगार्डच्या कडा, डिकीचं तळ. जुन्या रंगाखाली आधीच्या गॅरेजवाल्याने भरलेली लांबी (पुट्टी) निघते, ती खरवडली की खाली पत्राच नसतो. तिथे नवा तुकडा कापून, वळवून, जोडून, ठोकून मूळ गोलाई आणायची. हे काम येणारे म्हातारे कारागीर आता थोडे आहेत आणि तरुण पोरं विम्याच्या कामात, पॅनेल बदलण्यात गुंतलेली. मजुरी दिवसावर जाते आणि दिवस किती लागतील हे कुणीच आधी सांगू शकत नाही. क्रोमचे बंपर, काचेची रबरं, मीटर, दिव्यांच्या काचा या मुंबईच्या चोरबाजारात किंवा दुसरी गाडी फोडून मिळवाव्या लागतात. सगळं उघडून नीट केलेल्या फियाटचं काम साधारण चार-पाच लाखांच्या आत बसत नाही. तीच गाडी विकायला काढली की बोलणी दोन-अडीच लाखांपाशी अडतात. युद्धकाळातली एमबी किंवा जीपीडब्ल्यू जीप, मूळ इंजिनासह, मूळ चासीसह असेल, तर मात्र हिशोब जुळतो, कधी वरही जातो.

सांगलीच्या गाड्यांवर आणखी एक वजावट आहे, पुराची. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. त्याआधी २००५ आणि नंतर २०२१मध्येही शहराने पूर पाहिला. गावभागातल्या, पेठांतल्या कितीतरी गाड्या दिवसच्या दिवस पाण्यात होत्या. पुराचं पाणी ओसरलं की चासीच्या पेटीसारख्या आतल्या भागात गाळ बसतो आणि तिथून गंज बाहेरच्या बाजूला येतो. रंग दोन वर्षांनी फुगतो, तेव्हा कळतं. म्हणून जाणकार खरेदीदार सांगलीची गाडी पाहताना गालिचा उचलून दाराच्या उंबऱ्यातलं छिद्र तारेने उकरतो. तारेला बारीक राखाडी गाळ लागला तर तो भाव तिथेच खाली आणतो. यात तो चुकत नाही.

२०२५ने दोन नव्या गोष्टी आणल्या. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्या परदेशातून आयात करायची वाट मोकळी झाली. शुल्क इतकं जड आहे की त्याचा इथल्या फियाट-जीपच्या भावावर थेट परिणाम व्हायचं कारण नाही, पण सुट्या भागांसाठी एखादी फोडायची गाडी आणण्याची कल्पना आता वेडेपणाची वाटत नाही. दुसरी गोष्ट रोजच्या वापराला भिडणारी आहे. पंपावर सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथल्याच कारखान्यांचं इथेनॉल, इथल्याच उसाचं, आणि ऊस उत्पादकाला त्याचे पैसे मिळतात हे चांगलंच आहे. पण साठ-सत्तरच्या दशकातल्या कार्ब्युरेटरची रबर वॉशर, इंधनपंपाचा पडदा, कॉर्कचं गॅस्केट हे त्या मिश्रणासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, चिकट होतात, फाटतात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून दोन-तीन महिने उभ्या गाडीच्या टाकीत तळाशी गंज धरतो. इथेनॉल सोसणारी रबरं आणि पडदे मिळतात, बदलणं अवघड नाही. पेट्रोलवर परत आणलेल्या प्रत्येक जुन्या गाडीच्या अंदाजपत्रकात हे कलम आता धरावंच लागतं. डिझेलवर राहिलेल्या जीपच्या मालकाला मात्र यातलं काहीच करावं लागत नाही.