तत्त्वज्ञान किंवा धर्म-अभ्यासात एम.ए.: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज नेमका कुठे अडतो

तत्त्वज्ञान, बौद्ध अध्ययन, हिंदू अध्ययन किंवा धर्मांचा तौलनिक अभ्यास या विषयांत एम.ए. करू पाहणाऱ्या मुलामुलींना अर्ज भरायला मी मदत करते. त्यात एक गोष्ट सतत दिसते. गुण कमी पडले म्हणून प्रवेश हुकला असं फार थोड्यांचं होतं. बाकीच्यांचा अर्ज त्रुटीत निघतो तो दाखल्याच्या नमुन्यामुळे, दाखल्यावरच्या तारखेमुळे किंवा नावातल्या एखाद्या अक्षरामुळे. आणि तो नीट करायला तीन-चार दिवसांची मुदत मिळते, ज्यात तहसील कार्यालयातून काहीही हाती येत नाही. म्हणून फॉर्मचा कुठला रकाना कसा भरायचा यावर इथे वेळ घालवत नाही. जिथे लोक अडकतात तिथेच थांबते.

आधी अभ्यासक्रमाचं नाव नीट वाचा

एकाच आवडीची ही क्षेत्रं कागदोपत्री वेगवेगळे विषय आहेत. पुणे आणि मुंबई विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचे स्वतंत्र विभाग आहेत, पालीचा विभाग वेगळा. बनारस हिंदू विद्यापीठात ‘तत्त्वज्ञान आणि धर्म’ असा एकत्र विभाग आहे, शांतिनिकेतनच्या विश्वभारतीत ‘तत्त्वज्ञान आणि तौलनिक धर्म’. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात धर्म-अध्ययनाचा स्वतंत्र विभाग आहे, तर दिल्ली विद्यापीठात बौद्ध अध्ययनाचा.

हे आत्ताच का पाहायचं, तर पुढे नेट (महाविद्यालयात शिकवण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्यायची वेळ येते तेव्हा पदवीवरचं विषयाचं नाव विचारलं जातं. यूजीसी-नेटमध्ये तत्त्वज्ञान हा एक विषय, धर्मांचा तौलनिक अभ्यास दुसरा, बौद्ध-जैन-गांधी आणि शांतता अध्ययन तिसरा आणि हिंदू अध्ययन आणखी वेगळा. आपण ज्या विषयात एम.ए. केलं त्याच विषयात नेट द्यावी, आणि तो यादीतच नसेल तर जवळचा निवडावा, असं नियम सांगतो. एम.ए.ला किमान 55 टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांना 50. महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवायचं मनात असेल तर दोन वर्षांनी पदवीवर काय छापलं जाणार आहे, हे प्रवेशाआधी विभागाला विचारून घ्या. विचारायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे, पण विचारा.

पात्रता: भीती असते तिथे अडचण नसते

‘बी.ए.ला तत्त्वज्ञान नव्हतं, मग चालेल का?’ हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. अनेक ठिकाणी कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. वाणिज्य, अभियांत्रिकी, परिचारिका पदवी अशा सगळ्यांना मी या वर्गांत बसलेलं पाहिलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2024 च्या पदव्युत्तर आराखड्यानेही प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास पदवीचा विषय आड येऊ नये अशी वाट मोकळी केली आहे. तरी काही विभाग पदवीला तो विषय असल्याची अट ठेवतात किंवा अशांना आधी जागा देतात. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत ‘पात्रता’ या शीर्षकाखाली जे छापलंय तेच धरा. मागच्या वर्षी प्रवेश घेतलेल्या मैत्रिणीचा अनुभव धरू नका.

त्याच आराखड्यामुळे दुसरा गोंधळ सुरू झाला आहे. तीन वर्षांची पदवी असेल तर एम.ए. दोन वर्षांचं. एक वर्षाचं एम.ए. चार वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी आहे. तीन वर्षांच्या पदवीवर एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला अर्ज केला की शुल्क जातं आणि अर्जही जातो.

दुसरी भीती धर्माची. मुस्लिम मुलीला हिंदू अध्ययन करता येईल का, बौद्ध नसताना बौद्ध अध्ययनाला घेतील का, देव न मानणाऱ्याने धर्माचा अभ्यास करायचा तर काही अडचण? करता येतं, घेतात, आणि काही अडचण नाही. शासनाने चालवलेल्या किंवा शासनाचा निधी घेणाऱ्या संस्थेत केवळ धर्म, वंश, जात, भाषा यावरून कुणाही नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही, असं संविधानाचं अनुच्छेद 29(2) स्पष्ट सांगतं. अशा ठिकाणी श्रद्धेचं प्रमाणपत्र, दीक्षेचा कागद, धर्मगुरूंचं पत्र यांतलं काहीच द्यावं लागत नाही. अल्पसंख्याक संस्थेत त्या समाजासाठी काही जागा राखीव असू शकतात. तिथे त्या कोट्यातून अर्ज करणाऱ्यालाच समाजाचा पुरावा द्यावा लागतो. तो बहुतेकदा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून निघतो, पण त्यावर धर्माचा रकाना रिकामा असेल तर आधीच शाळेत जाऊन या.

जिथे उद्देशपत्र मागतात तिथे मात्र एक विनंती. आपली भक्ती, आपल्या घराण्यातली वारी, आपल्याला आलेली अनुभूती यांवर दोन पानं लिहू नका. ते खोटं असतं असं नाही, पण निवड करणाऱ्याला त्यातून तुम्हाला काय शिकायचंय ते कळत नाही. ‘शून्यता आणि अभाव यांत फरक काय, हे मला नागार्जुन आणि नैयायिकांच्या वादातून समजून घ्यायचंय’ एवढं एक वाक्यसुद्धा जास्त काम करतं.

सीयूईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं नाही

केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा एनटीए (राष्ट्रीय चाचणी संस्था) घेते. अलीकडच्या वर्षांत तिचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत सुरू झाले आणि परीक्षा मार्चमध्ये. म्हणजे जूनमध्ये पदवीचा निकाल हातात आल्यावर ‘आता बघू’ म्हणणाऱ्याचं वर्ष आधीच गेलेलं असतं. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच फॉर्म भरायचा असतो, तसा तो भरता येतो. प्रश्न 75, वेळ 90 मिनिटं, बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीला 1 वजा. पदवीच्या सीयूईटीत मराठी माध्यम असतं, पदव्युत्तरच्या तत्त्वज्ञानाच्या पेपरात नसतं. तो इंग्रजी आणि हिंदीत येतो. बी.ए. मराठीतून केलेल्यांनी निदान पारिभाषिक शब्द या दोन्हींपैकी एका भाषेत आधीपासून वाचायला घ्यावेत.

आता खरा अडथळा. एनटीए फक्त परीक्षा घेते आणि गुण देते, प्रवेश देत नाही. निकालानंतर प्रत्येक विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते, वेगळं शुल्क भरावं लागतं, कागदपत्रं पुन्हा चढवावी लागतात. फॉर्ममध्ये विद्यापीठं निवडलेली असतात म्हणून मुलं निवांत बसतात, यादीत नाव येईल म्हणून वाट पाहतात. उत्तम गुण मिळवून, नुसती नोंदणी न केल्यामुळे बाहेर राहिलेली मुलं मी दरवर्षी बघते, आणि दरवर्षी तेवढंच वाईट वाटतं. ही एक ओळ स्कोअरकार्डवर ठळक छापली तर किती वर्षं वाचतील! तोवर तुम्हीच निवडलेल्या प्रत्येक विद्यापीठाचं प्रवेशाचं पान आठवड्यातून दोनदा उघडा. ईमेल येईल यावर विसंबू नका.

राज्यातल्या विद्यापीठांचा मार्ग वेगळा. विद्यापीठाच्या आवारातले विभाग बरेचदा स्वतःची प्रवेश परीक्षा घेतात, संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या गुणांवर यादी लागते. इथे सीयूईटीचे गुण हवेत का, हे त्या त्या जाहिरातीत असतं.

दाखला खरा, पण नमुना चुकीचा

सगळ्यात जास्त अर्ज इथे बाद होतात, म्हणून सावकाश वाचा.

महाराष्ट्रात इमाव (इतर मागास वर्ग), विजा (विमुक्त जाती), भज (भटक्या जमाती), विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) असे प्रवर्ग आहेत. केंद्रीय विद्यापीठात फक्त एससी, एसटी, ओबीसी-एनसीएल (नॉन-क्रीमिलेयर, म्हणजे उन्नत गटात न मोडणारे ओबीसी) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक). भज-क किंवा विमाप्रचा राज्याचा दाखला केंद्रीय पोर्टलवर चढवला की तो अमान्य होतो, मग तो कितीही खरा असो. यांतल्या अनेक जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण यादीतलं स्पेलिंग आणि आपल्या दाखल्यावरचं स्पेलिंग जुळलं पाहिजे. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर महाराष्ट्राची यादी काढा, आपली नोंद शोधा, तिचा क्रमांक लिहून घ्या आणि मग सेतू केंद्रात जाऊन ‘केंद्रीय नमुन्यातला’ दाखला मागा. हा शब्द उच्चारला नाहीत तर समोरचा माणूस सवयीने राज्याचाच अर्ज भरतो. एसईबीसी हा प्रवर्ग केंद्रात नाहीच. अशांनी केंद्राच्या निकषांत बसत असल्यास केंद्रीय नमुन्यातल्या ईडब्ल्यूएसचा विचार करावा.

मग तारीख. राज्याच्या नॉन-क्रीमिलेयर दाखल्यावर तो अमुक सालच्या 31 मार्चपर्यंत वैध असं छापलेलं असतं. काहींचा तर तीन वर्षांसाठी असतो, म्हणून लोक निर्धास्त राहतात. केंद्रीय विद्यापीठं बहुधा त्याच वर्षीच्या 1 एप्रिलनंतर काढलेला दाखला मागतात. वैध असणं वेगळं आणि त्या तारखेनंतर काढलेला असणं वेगळं. ईडब्ल्यूएसचंही तसंच: तो आदल्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर निघतो आणि ज्या आर्थिक वर्षात काढला तेवढ्यापुरताच चालतो, त्यामुळे फेब्रुवारीत घाई करून काढलेला दाखला जुलैच्या प्रवेशाला निरुपयोगी ठरतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाका आणि पोचपावती जपून ठेवा. काही विद्यापीठं पोचपावती आणि हमीपत्रावर थोडी मुदत देतात.

उत्पन्नाबाबत मात्र अर्जदारांची बाजू घेऊन सांगते, कारण खिडकीवर बऱ्याचदा चुकीचं सांगितलं जातं. दोन्हीकडे मर्यादा 8 लाखांची असली तरी मोजण्याची रीत एक नाही. ओबीसी नॉन-क्रीमिलेयरच्या उत्पन्न कसोटीत पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, आणि मर्यादा सलग तीन वर्षं ओलांडलेली असावी लागते. वडील शासकीय सेवेत गट क मध्ये असतील आणि पगार 9 लाख असेल, तरी केवळ तेवढ्यावरून दाखला नाकारता येत नाही. ईडब्ल्यूएसला उलट सगळं धरतात: पगार, शेती, धंदा. शिवाय पाच एकर किंवा जास्त शेती, किंवा हजार चौरस फूट किंवा त्याहून मोठा फ्लॅट असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, तो मिळत नाही. ‘तुमचा बसत नाही’ असं कुणी तोंडी सांगून परत पाठवलं तर नम्रपणे लेखी कारण मागा. ते मागायचा तुम्हाला हक्क आहे.

नाव

महाराष्ट्रातल्या गुणपत्रकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि कधी आईचंही. आधारवर क्रम उलटा. सीयूईटीच्या फॉर्ममध्ये नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे लिहायचं असतं. अपार किंवा एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या नोंदीचा क्रमांक) मात्र डिजिलॉकरमधून, आधारवरच्या नावाने तयार होतो. दोन्ही जुळले नाहीत की पडताळणीत अडकतं. आधार दुरुस्त करणं त्यातल्या त्यात सोपं, दहावीचं प्रमाणपत्र बदलणं फार कठीण. म्हणून दहावीला प्रमाण मानून बाकीचं तिकडे वळवा.

लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रिया वयाच्या चाळिशी-पन्नाशीत या विषयांकडे वळतात, आणि त्यांचीच इथे सर्वाधिक फरफट होते. पदवी माहेरच्या नावाची, आधार सासरच्या, पॅन तिसऱ्याच. विवाह नोंदणी प्रमाणपत्र नसेल तर ते किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद आत्ताच करायला घ्या. याला लागणारा वेळ प्रवेशाच्या मुदतीत बसत नाही.

टी.सी., मायग्रेशन आणि टक्केवारी

टी.सी. (महाविद्यालय सोडल्याचा दाखला) शेवटच्या महाविद्यालयातून मिळतं, मायग्रेशन (दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठीचं प्रमाणपत्र) विद्यापीठातून. विद्यापीठ बदलत नसाल तर मायग्रेशन लागत नाही. बारावीच्या मंडळाचं मायग्रेशन इथे चालत नाही, पदवीच्या विद्यापीठाचंच हवं. दुसरं एम.ए. करत असाल तर पहिल्या एम.ए.च्या विद्यापीठाचं. मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांकडे महाविद्यालयासारखं टी.सी. नसतं. अशांनी मायग्रेशनच काढून ठेवावं आणि पोर्टलवर टी.सी.चा रकाना सक्तीचा असेल तर तेच चढवून विभागाला ईमेल करून कळवावं.

सीजीपीएची टक्केवारी सरळ दहाने गुणून काढू नका. गुणपत्रकाच्या मागे विद्यापीठाचं सूत्र असतं, तेच वापरा. नसेल तर परीक्षा विभागाकडून रूपांतराचं पत्र घ्या. जास्त आलेली टक्केवारी पडताळणीत कमी निघाली तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो.

शेवटच्या सत्राचा निकाल लागलेला नसेल तर तात्पुरता प्रवेश मिळतो, पण गुणपत्रक देण्याची अंतिम तारीख हमीपत्रात लिहिलेली असते. सही करण्याआधी ती वाचा. विद्यापीठाचा निकालच उशिरा लागला तर दोष तुमचा नसतो आणि तरी शिक्षा तुम्हालाच होते, हे अन्यायाचं आहे. निदान निकाल जाहीर न झाल्याचं महाविद्यालयाच्या शिक्क्याचं पत्र त्या तारखेआधी पोचवा.

दुसरं एम.ए. करणाऱ्यांनी आणि घरून शिकणाऱ्यांनी

तत्त्वज्ञान हे बऱ्याच जणांचं दुसरं एम.ए. असतं. एका विषयात एम.ए. झाल्यावर दुसऱ्या विषयाच्या एम.ए.ला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही, कारण तीच पायरी पुन्हा धरली जाते. हे कुणी आधी सांगत नाही, आणि शिष्यवृत्ती गृहीत धरून प्रवेश घेतलेला मुलगा दुसऱ्या सत्रात शुल्काच्या पत्रासमोर उभा राहतो. विभागाकडे शुल्क हप्त्यांत भरण्याची सोय विचारून मगच नाव घाला.

इग्नूमध्ये तत्त्वज्ञान आणि हिंदू अध्ययन या दोन्हींत एम.ए. आहे, प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत. दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशासाठी आता डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा क्रमांक) लागतो, आणि तो काढायला आधी एबीसी आयडी. म्हणजे इथेही नावाचाच प्रश्न पहिला. मुदतवाढ मिळते या भरवशावर राहू नका, ती दर वेळी मिळेलच असं नाही. आणि बी.ए. न करता ‘थेट एम.ए.’ देतो असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका. तशा पदवीवर ना नेट देता येते, ना पीएच.डी.ला नोंदणी होते. संस्था आणि तो विशिष्ट अभ्यासक्रम, दोन्ही यूजीसीच्या त्या सत्राच्या यादीत आहेत का हे शुल्क भरण्याआधी स्वतः पाहा, आणि त्या पानाची एक प्रत काढून बाकीच्या कागदांसोबत ठेवा.