थायलंडात फिरतानाच्या रीतीभाती

देवळात, राजाच्या फोटोसमोर, भिक्षूंसमोर आणि साध्या माणसांत कसं वागायचं याचे थायलंडातले नियम, थोडे कायद्यातले आणि बरेचसे नुसत्या सवयीतले. बेळगाव, खानापूर, निपाणीकडनं बँकॉकला जाणाऱ्याला यातलं बरंच घरचंच वाटतं, आणि चूक नेमकी तिथंच होते.

आधी बोलणं. आपल्याकडं "या री", "होय री" म्हटलं की त्या एका री नं समोरचा माणूस खूश होतो, तसं थाई भाषेत पुरुष वाक्याच्या शेवटी ख्रप लावतात आणि बायका खा. आपला री बाई-पुरुष बघत नाही, तिथं मात्र बोलणारा कोण यावर शब्द ठरतो. नमस्काराला सवातदी म्हणतात, हा शब्द आपल्या स्वस्ति वरनंच आलाय, आणि सोबत हात जोडतात त्याला वाय म्हणतात. लहानानं मोठ्याला आधी करायचा. भिक्षूंना केला तर ते उलट करत नाहीत, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

भिक्षूंचं जास्त सांभाळायला लागतं. आपल्याकडं स्वामीजी दिसले की पाया पडायची पद्धत, पण तिथं बाईनं भिक्षूंना स्पर्श करायचा नाही, वस्तूसुद्धा थेट हातात द्यायची नाही, खाली ठेवायची नायतर पुरुषाकरवी द्यायची. पाय चुकून कुणाला लागला तर आपण लगेच नमस्कार करतो, तिथं नुसतं तळवे बुद्धाकडं किंवा माणसाकडं करून बसणंही अपमान, म्हणून पाय मागं दुमडून बसायचं. आणि डोकं सगळ्यात पवित्र, त्यामुळं लहान पोराच्या डोक्यावरनं मायेनं हात फिरवायची आपली सवय तेवढी आवरायची, मला हे सगळ्यात अवघड वाटतं.

बँकॉकचा राजवाडा 1782 सालचा, खांदे आणि गुडघे झाकल्याशिवाय आत सोडत नाहीत. तिथल्या पाचूच्या बुद्धाची मूर्ती जेमतेम 66 सेंटीमीटर, तिची वस्त्रं ऋतूप्रमाणं वर्षातनं 3 वेळा बदलतात, तेही राजाच्या हस्ते. त्या मंदिरात आत फोटो काढायचा नाही. वाट फो या देवळातला निजलेला बुद्ध 46 मीटर लांब आहे, तिथं चप्पल बाहेर.

राजाबद्दल वाकडं बोलायचंच नाही, कलम 112 खाली एका गुन्ह्याला 3 ते 15 वर्षं शिक्षा आहे. नोटेवर राजाचा फोटो असतो म्हणून पडलेली नोट पायानं दाबून धरू नये. सकाळी 8 आणि संध्याकाळी 6 ला सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागलं की उभं राहायचं.

खाणं. आपल्या भागातल्या जैन लोकांनी "जे" हा शब्द पाठ करावा, म्हणजे तिथलं कडक शाकाहारी जेवण, तो पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात लिहिलेला असतो. त्यात मांस, अंडी, दूध, कांदा, लसूण काहीच नसतं, पण गाजर-मुळा असतो, तेवढं विचारून घ्यावं. नुसतं शाकाहारी म्हणजे मंगसविरत, म्हणजे आपलं मांस-विरती, पण त्यात अंडं चालतं. भाजीतसुद्धा नाम प्ला, म्हणजे माशाचं खारट पाणी, घालतात म्हणून ऑर्डर देतानाच "माय साय नाम प्ला" म्हणायचं आणि शेवटी ख्रप नायतर खा लावायचं.