नाण्यांच्या रोलमधील चांदीचा शोध

बँकेतून दर्शनी किमतीला नाण्यांचे रोल आणायचे, घरी फोडून त्यांतली चांदीची जुनी नाणी वेचायची आणि उरलेली पुन्हा बँकेत भरायची, असा हा अमेरिकेतला छंद आहे. इंग्रजीत त्याला ‘कॉइन रोल हंटिंग’ म्हणतात. शोधणाऱ्याचे मुद्दल यात बुडत नाही. पाचशे डॉलर देऊन आणलेली पेटी चांदीविना निघाली तरी तेच पाचशे डॉलर खात्यात परत जमा होतात. खर्ची पडतो तो वेळ, पेट्रोल आणि काळी पडलेली बोटे धुवायला लागणारा साबण.

हे शक्य होते ते एका सरकारी निर्णयामुळे आणि एका न घेतलेल्या निर्णयामुळे. १९६४ पर्यंत अमेरिकेचे डाइम (१० सेंट), क्वार्टर (२५ सेंट) आणि हाफ डॉलर (५० सेंट) ९० टक्के चांदी व १० टक्के तांब्याचे असत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला चांदीचा भाव औंसाला १.२९ डॉलरपर्यंत चढला. १.३८ डॉलरच्या वर गेला की नाण्यातली चांदी नाण्याहून महाग होणार, हे उघड होते. देशात सुट्ट्या नाण्यांची टंचाई होतीच. २३ जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या नाणे कायद्यावर सही केली. डाइम व क्वार्टरमधली चांदी पूर्ण गेली, हाफ डॉलरमधली ४० टक्क्यांवर आली. जुनी नाणी नाहीशी होणार नाहीत, नव्या-जुन्यांचा व्यवहार शेजारी शेजारी चालेल, असे आश्वासन जॉन्सन यांनी त्या वेळी दिले. वाईट पैसा चांगल्या पैशाला बाहेर हाकलतो हा ग्रेशमचा नियम त्यांच्या सल्लागारांना ठाऊक नसेल असे नाही; पण लोकांनी तो त्यांच्याआधी अमलात आणला, आणि काही वर्षांतच चांदी गल्ल्यांतून बरण्यांत गेली. १९८० च्या जानेवारीत टेक्सासच्या धनाढ्य हंट बंधूंनी केलेल्या चांदीच्या साठेबाजीने भाव ५० डॉलरच्या जवळ गेला, तेव्हा असंख्य नाणी वितळवणाऱ्यांच्या मुशीत संपली.

न घेतलेला निर्णय असा, की ही नाणी कधी चलनातून रद्द केलीच नाहीत. १९६४ चे क्वार्टर आजही कायद्याने पंचवीस सेंटच. म्हणून ते दुकानात चालते, बँक ते घेते आणि यंत्र ते मोजून रोलमध्ये भरते.

मग चांदी बँकेत येते कोठून? बहुधा अज्ञानातून. आजोबांनी चाळीस वर्षे सांभाळलेली बरणी नातू न बघता मोजणी यंत्रात ओततो. चोर संग्राहकाच्या घरून नाणी उचलतो आणि खपवायची घाई असल्याने दर्शनी किमतीला देऊन टाकतो. मूल वडिलांच्या संग्रहातले नाणे नेऊन आइस्क्रीम खाते. शोधणाऱ्यांची सारी आशा या विसरभोळेपणावर असते. त्यामुळे यंत्राने भरलेल्या रोलपेक्षा ग्राहकाने स्वतः कागदात गुंडाळून आणलेले रोल त्यांना अधिक प्रिय: त्यात एखादी अख्खी बरणी जशीच्या तशी आलेली असू शकते.

सर्वाधिक ओढा हाफ डॉलरकडे असतो. जॉन केनेडी यांची २२ नोव्हेंबर १९६३ रोजी हत्या झाली आणि मार्च १९६४ मध्ये त्यांची प्रतिमा असलेले हाफ डॉलर निघाले. लोकांनी ते आठवण म्हणून ठेवून दिले, आणि ते नाणे रोजच्या व्यवहारातून जवळजवळ उठले. आज गल्ल्यात त्याच्यासाठी खण नसतो. वापर नाही म्हणून झीज नाही, आणि हात लागत नाहीत म्हणून निवड होत नाही. शिवाय १९६५ ते १९७० ची ४० टक्क्यांची नाणी चांदीची आहेत हे अनेकांना माहीतच नसते. (त्यांतले १९७० चे नाणे फक्त संग्राहकांच्या संचांतून विकले गेले, ते रोलमध्ये दिसले तर कोणीतरी संच फोडला असे समजावे.) १९७१ पासून हाफ डॉलरमध्येही चांदी राहिली नाही.

रोलची मापे ठरलेली आहेत: हाफ डॉलरच्या रोलमध्ये २० नाणी, क्वार्टर व निकेलच्या (५ सेंट) रोलमध्ये ४०, डाइमच्या रोलमध्ये ५०. पन्नास रोलांची एक पेटी. म्हणजे हाफ डॉलरची पेटी १,००० नाण्यांची, ५०० डॉलरची. ती शाखेत आधी सांगून मागवावी लागते. तपासलेली नाणी त्याच शाखेत भरली तर तीच पुन्हा वाट्याला येण्याची भीती असते, म्हणून नाणी घेण्याची बँक एक आणि टाकण्याची दुसरी. या दुसरीला ‘डम्प बँक’ म्हणतात. काही जण तपासलेल्या नाण्यांवर मार्करने बारीक खूण करतात. महिनाभराने आपलीच खूण समोर आली की दिवस वाया गेला. एकही चांदीचे नाणे न निघालेली पेटी म्हणजे ‘स्कंक’, आणि रोलच्या टोकाशी बाहेरूनच दिसणारे चांदीचे नाणे म्हणजे ‘एंडर’.

ओळखण्याची पहिली खूण कड. १९६५ पासूनची डाइम व क्वार्टर म्हणजे तांब्याच्या गाभ्याला दोन्हीकडून तांबे-निकलचा पत्रा. त्यामुळे कडेला तांबूस रेघ दिसते. ९० टक्के चांदीच्या नाण्याची कड पांढरी शुभ्र. चाळीस नाणी एका ओळीत उभी केली की त्यांतले चांदीचे एक नजरेला लगेच टोचते. हाफ डॉलरमध्ये मात्र साल वाचणे बरे, कारण ४० टक्केवाल्याची कड फसवी असते. वजनही बोलते: चांदीचे क्वार्टर ६.२५ ग्रॅम, नवे ५.६७. आणि आवाज. नाणे वाजवून घेणे हे मराठी माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. टेबलावर टाकल्यावर चांदी लांबवर घुमते, नवे नाणे टक् करून थांबते. १९६४ हे साल सर्वांत अधिक सापडते, कारण टंचाईमुळे टांकसाळींनी तेच साल घालून १९६६ पर्यंत चांदीची नाणी पाडली.

पाच सेंटच्या नाण्याची गंमत निराळी. त्याला निकेल म्हणतात, पण युद्धासाठी निकल हवे म्हणून १९४२ च्या अखेरीपासून १९४५ पर्यंत त्यातून निकलच काढून टाकले होते. मिश्रण झाले ५६ टक्के तांबे, ३५ टक्के चांदी, ९ टक्के मँगनीज. पुढे ही नाणी वेगळी काढता यावीत म्हणून मागच्या बाजूला माँटिसेलोच्या (राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या घराच्या) घुमटावर टांकसाळीचे मोठे अक्षर कोरले. ही नाणी मळकट, काळपट दिसतात आणि म्हणूनच नवख्याच्या हातून सुटतात.

हिशेब सांगायचा तर चांदी औंसाला ३० डॉलर धरावी. मग १९६४ च्या हाफ डॉलरमध्ये सुमारे १०.८५ डॉलरची चांदी, ४० टक्केवाल्यात ४.४०, क्वार्टरमध्ये ५.४०, डाइममध्ये २.१५ आणि युद्धकाळच्या निकेलमध्ये १.७० डॉलरची. ऐकायला छान, पण लागोपाठ चार पेट्या स्कंक गेल्या की तासाची मजुरी काढू नये. पोट भरण्याचा धंदा म्हणून याकडे पाहणारे लवकर सोडतात, टिकतात ते पत्ते लावत बसावे तशी नाणी चाळणारे. चांदीखेरीज त्यांना इतर गोष्टीही मिळतात: टांकसाळीचे अक्षर चुकून घालायचे राहून गेलेले १९८२ चे डाइम, किंवा २०१९ व २०२० मध्ये वेस्ट पॉइंट टांकसाळीने प्रत्येक नक्षीची २० लाख या हिशेबाने मुद्दाम चलनात सोडलेली ‘डब्ल्यू’ अक्षराची क्वार्टर. चांदीची नाणी वितळवण्यावर आता बंदी नाही; १९६७ ते १९६९ या काळात होती. एक आणि पाच सेंटच्या नाण्यांवर मात्र २००६ च्या डिसेंबरमध्ये बंदी आली.

कॅनडातही हा छंद आहे, पण तेथे १९६८ नंतर चांदी उरली नाही आणि टांकसाळच जुन्या धातूची नाणी चलनातून वेगळी काढत असल्याने रोल बहुधा कोरडे निघतात.

भारतात याला जागाच नाही. १९४० मध्ये रुपयातली चांदी बारा भागांतल्या अकरांवरून निम्म्यावर आली, जुने रुपये त्यानंतर थोड्याच वर्षांत चलनातून रद्द झाले आणि १९४७ चा रुपया निकलचा होता. त्यामुळे राणी छाप बंदा रुपया बँकेच्या खिडकीतून हाती येत नाही. तो लक्ष्मीपूजनाच्या ताटात असतो, नाहीतर सराफाच्या तराजूत.