अ‍ॅरन स्वेटर आणि घराण्याची वीण : खुलासा

फॉरवर्ड असा फिरतो : आयर्लंडच्या अ‍ॅरन बेटांवर प्रत्येक घराण्याच्या स्वेटरची वीण वेगळी असे, त्यावरून बुडालेल्या कोळ्याची ओळख पटे.

हे खरं नाही. पण कुणाला खरं वाटलं तर नवल नाही. मुळात धागा आहेच. 1904 साली रंगमंचावर आलेल्या एका नाटकात बुडालेल्या भावाची ओळख बहिणीला पटते, ती मात्र साध्या मोज्यावरून. तिने 60 टाके घातले होते, त्यातले 4 सुटले होते. तिला ओळखू आली ती स्वतःची चूक. घराण्याच्या विणीचा तिथे उल्लेखही नाही. स्वेटर विकताना ही गोष्ट पुढे ताणली गेली.

पडताळायचं असेल तर 1900 च्या आसपासचे बेटांवरचे फोटो पाहा. पुरुषांच्या अंगात साधे गडद जर्सी आणि जाडेभरडे लोकरी कपडे दिसतात. नक्षीदार पांढरा स्वेटर नंतरचा. मग वेगवेगळ्या आडनावांचे म्हणून विकले जाणारे दोन स्वेटर शेजारी ठेवा : वेणीचा पीळ, चौकटी, मधाचं पोळं, बहुतेक नमुने तेच निघतात. मधल्या इनिश मान बेटावर आज दोनशेहून कमी माणसं राहतात. एवढ्याशा वस्तीत बायका एकमेकींचं विणकाम बघूनच शिकणार. नमुना एका घरात कोंडून राहील कसा?