व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या कोणी मोजतच नाही?

‘चिठ्ठी नुसती दाखवायला असते, ती कोणी मोजत नाही,’ हे प्रत्येक निवडणुकीत कानावर येतं. हे खरं नाही. मतदान यंत्राचं बटण दाबलं की त्याला जोडलेल्या व्हीव्हीपॅट या छपाई यंत्रात उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी काचेमागे ७ सेकंद दिसते, मग कापली जाऊन खालच्या पेटीत पडते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशापासून दर विधानसभा क्षेत्रात ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या हाताने मोजतात. ही केंद्रं सोडत काढून ठरतात. यंत्राचा आकडा जुळला नाही, तर चिठ्ठ्यांचीच मोजणी ग्राह्य धरतात. ५ केंद्रं मला फार कमी वाटतात, ती वाढायलाच हवीत. याच न्यायालयाच्या २०२४ च्या निवाड्यानुसार दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचे उमेदवार निवडणुकीचा निकाल लागल्यापासून ७ दिवसांत ५ टक्के यंत्रांची तपासणीही मागू शकतात.