मानेतील वातसंचय

मानेच्या त्वचेखालच्या सैल ऊतकात हवा शिरून आलेली सूज. आपल्याकडचे डॉक्टर तिला ‘सर्जिकल एम्फिसेमा’ म्हणतात, पण तिचा शस्त्रक्रियेशी संबंध असतोच असे नाही. मान अचानक भरून येते, गिळताना दुखते, आवाज बदलतो. अ‍ॅलर्जीची सूजही अशीच दिसते; फरक बोटांना कळतो. हवेची सूज दाबली की चुरमुरे चिरडल्यासारखी कुरकुर लागते. म्हणून सुजलेली मान नुसती पाहून भागत नाही, चाचपावीच लागते.

इजा झालेली नसताना ही हवा येते कुठून? बहुधा फुप्फुसातून. दम्याचा झटका, खोकल्याची उबळ, प्रसूतीतील कळा, जड वजन उचलताना रोखलेला श्वास यांमुळे आतला दाब वाढून एखादा वायुकोश फुटतो. सुटलेली हवा श्वासनलिकांच्या व रक्तवाहिन्यांच्या वेष्टनालगत सरकत दोन फुप्फुसांमधल्या मध्यावकाशात येते आणि तिथून मानेत चढते. हा मार्ग चार्ल्स व मॅज मॅक्लिन या संशोधक दांपत्याने 1944 साली विशद केला. त्याआधी 1939 मध्ये अमेरिकी वैद्य लुई हॅमन यांनी अशा रुग्णांच्या छातीत हृदयाच्या ठोक्याबरोबर ऐकू येणाऱ्या करकरीचे वर्णन केले होते. दाताच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या हवेच्या ड्रिलनेही हवा हिरडीतून मानेपर्यंत पोचते. त्यामुळे ‘दोन दिवसांत दात दाखवला होता का?’ हा प्रश्न विचारायलाच हवा.

खरी भीती अन्ननलिका फाटण्याची. लायडनचे वैद्य हेर्मान बूरहावे यांनी 1724 साली एका डच नौदल अधिकाऱ्याची हकीकत प्रसिद्ध केली. जेवणानंतर मुद्दाम उलटी काढताना त्याची अन्ननलिका फाटली होती. मृत्यूनंतर छाती उघडली तेव्हा खाल्लेल्या बदकाचा वास आला. आजही उलटीनंतर छातीत तीव्र कळ, ताप आणि मानेत हवा असे दिसले, तर अन्ननलिकेचे छिद्र नाही हे सिद्ध होईपर्यंत ते आहे असेच धरावे. रुग्णाला तोंडाने काही देऊ नये. सीटी स्कॅन करावा आणि गरजेप्रमाणे क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य गिळायला देऊन गळती शोधावी. छिद्र सापडल्यास प्रतिजैविके लगेच सुरू करतात व बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते. उशीर जिवावर बेततो. मानेत वायू निर्माण करणारा जंतुसंसर्ग, श्वासनलिकेची इजा आणि छातीच्या पोकळीत हवा साठून मिटलेले फुप्फुस हेही वगळावे लागते. ‘कारण अज्ञात’ हा शेरा या सगळ्यानंतरचा.

कारण गंभीर नसेल, तर उपचार साधे आहेत: विश्रांती, वेदनाशामक, खोकल्याचा किंवा दम्याचा इलाज आणि देखरेख. प्राणवायू दिल्यास रक्तातील नायट्रोजन कमी होऊन अडकलेली हवा लवकर शोषली जाते. सूज सहसा काही दिवसांत ओसरते. तोवर जोर लावणे, विमानप्रवास व पाण्यात खोल बुडी टाळतात. श्वास अडू लागला, तर मात्र श्वासमार्ग आधी सुरक्षित करतात. हवा फारच पसरली असेल, तर गळपट्टीच्या हाडाखाली लहान छेद देऊन ती बाहेर काढतात.